अंधारी राहायला हवी होती ती बशी

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेले सरसुद्धा. सव्वीस वर्षं ती मायक्रोस्कोप सांभाळत होती. त्याच्या खोलीला खिडकी नव्हती आणि खुर्च्या दोन होत्या. दुसरीवर तिचा डबा बसायचा.

सध्या काम एकच: जिवंत पेशीत दोन प्रथिनं एकमेकांना भेटतात का, ते पाहणं. चमकणाऱ्या तिसऱ्याच एका प्रथिनाचे दोन तुकडे करायचे आणि दोघांच्या शेपटीला एकेक बांधायचा. दोघं जवळ आली की तुकडे जुळतात आणि दिवा मालवलेल्या खोलीत पेशी हिरवी उजळते.

"वन्सं, जुळलं का तुमच्या जोडप्याचं?" वहिनी फोनवर चिडवायची.

"नाही गं. पण निदान कुणाची आई मला टोमणे मारत नाही."

फोन ठेवला की खोली पुन्हा गप्प.

अकरा महिने अंधारच दिसला. मग वैतागून तिने पेशींत दोन्ही प्रथिनं दुप्पट भरली, आणि मंगळवारी सकाळी मायक्रोस्कोपखाली पेशींची बशी हिरवीगार! ताई अशी उठली की डबा खाली. सर धावत आले.

"ताई, या शोधनिबंधावर तुमचं नाव घालणार!"

आजवर निबंधांच्या शेपटाला तिचे आभार असायचे, तेही यंत्रं पुसणाऱ्या कंपनीच्या नंतर. तिने लगेच वहिनीला कळवलं. "दादालाही सांग."

मग आठवली कंट्रोलची, म्हणजे पडताळणीची बशी. तिच्यातल्या एका प्रथिनाचा जुळायचा भागच मोडलेला; तिथे भेट अशक्य, ती अंधारीच राहायला हवी. ती आधी पाहायची असते. कुणी विसरलं तर ताई त्याची सालटी काढायची. आज तीच विसरली होती.

पाहिली. तीही तेवढीच हिरवी.

म्हणजे ही भेट नव्हतीच. पेशीत एवढी गर्दी झाली होती की नुसत्या धक्क्याने तुकडे चिकटले. आणि एकदा चिकटले की ते सुटत नाहीत.

ती बशी गुपचूप ओतून द्यायला अर्धं मिनिट पुरलं असतं. ताई पाच मिनिटं बसून राहिली आणि सरांच्या दारात गेली.

"सर, कंट्रोलही उजळलाय."

"जरासा?"

"लख्ख."

सर खुर्चीत टेकले. "तुम्ही बोलला नसता तर मला पत्ताही लागला नसता."

"म्हणून तर आले."

नोंदवहीत तिने लिहिलं: 'दोन्ही बशा हिरव्या. भेट सिद्ध नाही. प्रमाण कमी करून पुन्हा.' खाली सही केली, पूर्ण नावाने. तेवढ्यात फोन वाजला.

"वन्सं, तुमचे दादा विचारतायत, नाव कुठे छापून येणार?"

"नाही येणार. गर्दीत धक्का लागला होता नुसता."

"अगं बाई! मग आता?"

"आता गर्दी कमी करून बघते."

तिने डबा उचलून दुसऱ्या खुर्चीवर ठेवला आणि दिवा मालवला.