टोन्योकाकांच्या बातम्या आणि पाच वडे

सायली, म्हणजे माझी सून, मला फोनवर एक पान उघडून देते. त्यावर लोक आपापले विचित्र अनुभव लिहितात. दुपारी मी ते वाचत बसते. सगळ्यांची सुरुवात एकच, की माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. मला हसू यायचं. आता माझ्यावरच वेळ आलीय तर दुसरं काय लिहू... माझाही नव्हता. पितृपक्ष मी पाळते, पण रीत म्हणून. मेलेला माणूस परत येतो हे मला कधी पटलं नाही. आमचे हे तर जिवंत असतानासुद्धा तीन हाका मारल्याशिवाय यायचे नाहीत.

हे मी त्या पानावर पाठवणार नाही. मी चौथी शिकलेली बाई. चार लोकांत तोंड उघडायचं म्हटलं तरी मी मागच्या मागे सरकते. वहीत लिहून ठेवते, एवढंच.

आम्ही अमेरिकेत बॉथेलला राहतो. एका ओळीत आठ सारखी घरं आहेत, त्यात आमचं तिसरं आणि नेनाताईंचं चौथं. नेनाताई फिलिपिन्सच्या, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांची मुलगी टेस हॉस्पिटलात नर्स आहे, ती दिवसभर बाहेर. माझं इंग्रजी दुकानापुरतं आणि नेनाताईंचंही मोडकंच, म्हणून आमचं छान जमलं. फाडफाड बोलणाऱ्यांशी मला एक शब्द बोलता येत नाही. या देशात मला मैत्रीण म्हणून त्या एकट्याच.

संध्याकाळी साडेपाचला त्यांच्या टीव्हीवर त्यांच्या भाषेतल्या बातम्या लागतात. मला अक्षर कळत नाही, तरी मी रोज जाते. बातम्या चालू असताना नेनाताई मला त्या बातम्यांचीच कहाणी सांगतात. तरुणपणी त्या मनिलात एका मोठ्या घरात कामाला होत्या. तेव्हा टीव्हीवर बातम्या इंग्रजीत असायच्या. मालक-मालकीण बघायचे आणि नोकरमाणसं स्वयंपाकघरात. मग एक दिवस त्यांच्या स्वतःच्या भाषेत बातम्या सुरू झाल्या. एक माणूस, एक टेबल, मागे भिंतीवर नकाशा. ड्रायव्हर, माळी, स्वयंपाकीण, सगळे दारात येऊन उभे राहिले.

"त्या दिवशी वादळ येणार हे मला मालकिणीच्या आधी कळलं," नेनाताई अजून छाती काढून सांगतात.

तो माणूस म्हणजे टोन्यो. मी त्यांना टोन्योकाका म्हणते. बातम्या संपल्या की ते कागद टेबलावर दोनदा आपटून सारखे करायचे, चष्मा खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, "जे भांडी घासता घासता ऐकतायत, त्यांनाही शुभ रात्री." नेनाताई तेव्हा खरंच भांडी घासत असायच्या.

मधे एकदा तो कार्यक्रम कित्येक महिने बंद पडला, पुन्हा सुरू झाला. मग रंगीत झाला. मग एकाचे दोन बातमीदार झाले, संगीत आलं. टोन्योकाका वारले. आता एक मुलगी चालत चालत बातम्या देते. नेनाताईंना ते बघवत नाही. "एवढा मोठा चॅनेल," त्या म्हणतात, "तिला एक खुर्ची देत नाहीत."

तर नेनाताई रोज साडेपाचच्या आधी टीव्हीपुढे एक कप कॉफी ठेवायच्या. टोन्योकाकांसाठी. त्यांच्याकडेही गेलेल्या माणसाला खायला-प्यायला ठेवतात, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण त्या म्हणायच्या, तो बातम्यांच्या शेवटी येतो आणि कॉफी पितो. "बघ सुसी, आला." मला त्या सुसी म्हणतात. मी बघायचे तर हवामानाचा नकाशा.

टेसला मात्र काळजी लागली. आई टीव्हीशी बोलते, उद्या गॅस चालू ठेवून बसली तर... तिचंही चुकत नव्हतं. तिने एका ऑफिसात कळवलं. गुरुवारी एक बाई येऊन नेनाताईंना प्रश्न विचारणार, आणि डोकं ठिकाणावर नाही असं ठरलं तर त्यांना वृद्धांच्या घरात पाठवणार. ते घर गाडीने दोन तासांवर. मला गाडी येत नाही.

मी नेनाताईंना म्हटलं, "त्या बाईला टोन्योंचं सांगू नका."

"खोटं बोलू?" त्या म्हणाल्या. "बातम्यांच्या बाबतीत?"

नेमकी त्या गुरुवारी सर्वपित्री अमावस्या होती. सकाळी मी आमच्या माणसांचं पान मागच्या अंगणात ठेवलं. बॉथेलला कावळे उदंड. ठेवायचा अवकाश, पान चाटूनपुसून साफ. तेव्हा मला सुचलं... टोन्योकाकांना इतकी वर्षं नुसत्या कॉफीवर ठेवलंय. पोटभर जेवले आणि कुणी धीर दिला, तर जातील बिचारे. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवला नाही की नातेवाईक हात जोडून सांगतात ना, मागच्यांचं आम्ही बघू, काळजी करू नका... तसंच.

सायली म्हणाली, "आई, प्लीज. इव्हॅल्युएशनच्या दिवशी तिथे नैवेद्य नको. त्या बाईला काय एक्सप्लेन करायचं?"

"स्नॅक्स म्हण," मी म्हटलं.

पाच वाजता मी ताट घेऊन गेले. खीर, आमसुलाची चटणी, पाच वडे. नेनाताई सोफ्यावर बसल्या होत्या. मी ताट कॉफीशेजारी ठेवलं आणि टीव्हीला हळूच म्हटलं, "टोन्योकाका, जेवून घ्या. नेनाताईंचं बघायला मी आहे. आणि कृपा करा, आज येऊ नका."

बातम्या लागल्या आणि ऑफिसची बाई आली, तिच्यामागून टेस. सायली माझ्या शेजारी बसून कानात मराठीत सांगत होती. बाईने वार विचारला, साल विचारलं. नेनाताईंनी बरोबर सांगितलं. राष्ट्राध्यक्ष कोण विचारल्यावर त्या म्हणाल्या, "इथला की तिथला?" दोन्ही सांगितले, वर मनिलातला कांद्याचा भावही सांगितला. बाई खूश झाली.

मग टेस म्हणाली, "मॉम, कॉफी कोण पितं ते सांग त्यांना."

"टोन्यो," नेनाताई म्हणाल्या.

"टोन्यो कोण?"

"बातम्या देतो. मेलाय तो."

बाईने कागदावर काहीतरी लिहिलं, बराच वेळ लिहिलं. आयुष्यात कधी परक्या माणसांसमोर मी आपणहून बोलले नव्हते, पण उभी राहिले आणि म्हणाले, "मी. कॉफी. मी पिते." इंग्रजीत म्हणाले.

"खोटं बोलते ती," नेनाताई म्हणाल्या. "ती चहा पिते."

इतक्यात टीव्हीवरची मुलगी चालता चालता नाहीशी झाली. चित्र काळं-पांढरं झालं. एक टेबल, मागे भिंतीवर नकाशा आणि चष्मा लावलेला एक माणूस. मी त्यांना पूर्वी कधी बघितलं नव्हतं, पण लगेच ओळखलं. ते काहीतरी बोलले. कागद दोनदा आपटले. चष्मा खिशात ठेवला. अजून काही बोलले. मग पुन्हा रंग आले, मुलगी आली, चालायला लागली.

ऑफिसची बाई कौतुकाने बघत होती. "जुनं काही दाखवलं वाटतं. गोड आहेत आजोबा. हेच का टोन्यो? काय म्हणाले?"

"जे भांडी घासता घासता ऐकतायत," नेनाताई म्हणाल्या, "त्यांनाही शुभ रात्री."

"किती छान," बाई म्हणाली, आणि मघाशी लिहिलेलं तिने खोडलं. वर लिहिलं, की मैत्रिणीबरोबर टीव्ही बघतात. कॉफी मैत्रीण पिते.

टेस तेवढी पांढरीफटक पडली होती. टोन्योकाका वारले तेव्हा ती सात वर्षांची होती. नेनाताईंनी तिला त्यांच्या अंत्ययात्रेला नेलं होतं.

टेस बाईला सोडायला बाहेर गेली, तशा नेनाताई मला म्हणाल्या, "सुसी, तो शेवटी अजून एक म्हणाला. त्या बाईसमोर कशाला सांगायचं, तुला वाईट वाटलं असतं."

"काय?"

"वड्यात मीठ नाही."

नैवेद्याचं आपण चाखत नाही. मीही चाखलं नव्हतं. ताटात बघितलं तर वडे चार. ऑफिसच्या बाईने पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, सायली तळलेलं खात नाही, टेस ताटाजवळ आली नव्हती आणि नेनाताई सोफ्यावरून उठल्या नव्हत्या. मी एक वडा तोडून तोंडात घातला. अळणी. मीठ घालायचं साफ विसरले होते.

दोन दिवस टेस त्या चॅनेलच्या मागे लागली होती. ते म्हणाले, गुरुवारी असलं काही दाखवलं नाही, आणि दाखवणार कुठून, टोन्योकाकांचं एकही चित्रण शिल्लक नाही. तेव्हा टेप महाग होती. एकावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं घ्यायचे.

सायली म्हणाली, "ग्लिच असेल, आई."

"म्हणजे काय?"

तिने विचार केला. "म्हणजे... का झालं ते कळलं नाही की आम्ही ऑफिसात तसं म्हणतो."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. संध्याकाळी कुणी सोबत असेल तर नेनाताई घरीच राहू शकतात. टेसने एक फॉर्म आणला, सोबतीच्या जागी माझं नाव लिहिलं, आणि मी मराठीत सही केली. शब्द तर आधीच देऊन बसले होते.

त्या दिवसापासून टोन्योकाका आले नाहीत. नेनाताई अजून माझ्यावर थोड्या रागावलेल्या आहेत. "तू म्हणालीस मी आहे, आणि तो गेला," म्हणतात. कॉफी मात्र रोज ठेवतात. ती तशीच राहते आणि मलाच प्यावी लागते. ऑफिसच्या कागदावर तसं लिहिलंय ना.

आज बातम्या संपल्यावर नेनाताईंनी टीव्ही बंद केला आणि त्या बाथरूममध्ये गेल्या. मी त्यांच्या स्वयंपाकघरात कप घासत होते. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. तिथून आवाज आला... कागद टेबलावर दोनदा आपटल्यासारखा. कशाचा होता, मला माहीत नाही. मी बघायला गेले नाही. हात साबणाचे होते. तिथूनच म्हटलं, "शुभ रात्री, काका," आणि कप घासत राहिले.