डाव्या चाकाचं दुखणं

माझ्या बाबांनी या शहरात तीस वर्षं बस चालवली. तीस वर्षांत बसला साधा ओरखडा नाही, हे वाक्य आमच्या घरात मिठासारखं रोज लागतं. विषय कुठलाही असो, भाव वाढलेले असोत नाहीतर शेजारच्यांच्या मुलीचं लग्न, बाबा फिरूनफिरून त्या न पडलेल्या ओरखड्यावर येतात. त्यामुळे आईच्या गुडघ्यांना बसच्या पायऱ्या झेपेनात म्हणून मी जुनी, वापरलेली गाडी घेतली, तेव्हा ती लालबागच्या आमच्या इमारतीच्या बोळात लावायची कोणी, यावर चर्चासुद्धा झाली नाही.

त्या बोळाच्या एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पाण्याच्या टाक्या आणि शेवटाला तळमजल्यावरच्या काकूंच्या कुंड्या. मी फक्त एकदा गाडी आत घालायचा प्रयत्न केला. त्यानंतर काकूंना नवीन कुंडी आणून दिली आणि कानाला खडा लावला. तेव्हापासून मी गेटवर उतरते. बाबा लेंग्यातच खाली येतात, स्टिअरिंग डावीकडे पार शेवटपर्यंत पिळतात आणि एका फेरीत गाडी आत. सकाळी तेच ती बाहेर काढून देतात. इंजिन बंद, हँडब्रेक वर, मग किल्ली माझ्या हातात. ही डेपोची शिस्त. मग मी शीवला शाळेत जाते. मी गणित शिकवते, आणि हे पुढे सांगण्यासारखं ठरणार आहे, कारण सगळा घोळ माझ्या गणितानेच केला.

एका संध्याकाळी बाबा गाडी लावून वर आले.

"दिवा लागला," ते म्हणाले. "पिवळा."

सकाळी मी गाडी सुरू केली. दिवा क्षणभर दिसला आणि नेहमीसारखा विझला. "कुठे आहे दिवा?" मी वर बघून ओरडले. किल्ली देऊन बाबा वर गॅलरीत जाऊन उभे होते. "चष्मा लावा जरा!" हे मी अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं म्हटलं. माझा आवाज वर्गातला आहे, तो घरी आल्यावर लहान होत नाही.

दोन दिवसांनी परत तेच. बाबा बसले की दिवा, मी बसले की काही नाही. मग मी गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढून वाचलं. तो दिवा एबीएसचा होता. जोरात ब्रेक मारला तर चाकं जाम होऊन गाडी घसरू नये म्हणून जी यंत्रणा असते, ती बंद पडली की हा दिवा लागतो. साधे ब्रेक चालू राहतात, पण ही मदत मिळत नाही. मी हे सगळं जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. बाबांनी त्यातला 'ब्रेक' एवढा एकच शब्द ऐकला असावा.

पुढे मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. मी तक्ता केला. चौकटीच्या वहीच्या पानावर, पट्टीने रेघा मारून. वार, वेळ, गाडी कोणाच्या हातात, दिवा लागला की नाही. दहा दिवसांत बाबांच्या नावावर सहा वेळा दिवा आणि माझ्या नावावर शून्य. तो कागद मी त्यांच्या ताटाशेजारी ठेवला आणि वर अक्कल पाजळली, "बाबा, तुमचा पाय ब्रेकवर जड पडतोय. वयाने होतं असं."

बाबांनी कागद वाचला. नीट घडी घातली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली दाराच्या खिळ्याला अडकवली. "आता तूच चालव," म्हणाले, "आणि गाडी बाहेर रस्त्यावरच लाव. मी काय हात लावत नाही." आई ओट्यापाशी होती. तिने मागे वळून पाहिलं आणि परत पोळी लाटायला लागली.

आठ दिवस मी गाडी रस्त्यावर, मिळेल तिथे लावली. आठ दिवस दिवा लागला नाही. माझं गणित बरोबर ठरत होतं आणि घरात मात्र कोणीतरी आजारी असल्यासारखं वाटत होतं. बाबा पेपर वाचायचे, दुपारी झोपायचे, संध्याकाळी गॅलरीत उभे राहून रस्त्यावरच्या गाड्या बघायचे. ओरखड्याचं वाक्य तर त्यांनी एकदाही उच्चारलं नाही. आयुष्यभर ज्या वाक्याने मला वैताग आणला, तेच ऐकण्यासाठी मी मुद्दाम बसचा विषय काढला. बाबा म्हणाले, "तेव्हाची गोष्ट वेगळी." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

रविवारी मी ठरवलं की हे असं चालायचं नाही. करी रोडला पुलाजवळ गाड्यांचं वायरिंग करणारे एक इलेक्ट्रिशियन आहेत, पन्नाशी उलटलेले, तोंडाने फटकळ पण कामाला चोख. "चला बाबा, मला एकटीला गंडवतील," अशी थाप मारून मी बाबांना उठवलं. गॅरेजचं नाव ऐकलं की एरवी जिचे गुडघे दुखतात, ती आई लगेच पिशवी घेऊन उभी राहिली. "मी पण येतंय. येताना भाजी घेऊ." मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

इलेक्ट्रिशियननी स्टिअरिंगखाली एक यंत्र जोडलं. मोबाइलहून जरा मोठा स्क्रीन. त्यावर गाडीची जुनी तक्रार निघाली: पुढचं डावं चाक, सेन्सर.

"प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो, ताई," ते म्हणाले. "चाक किती जोरात फिरतंय ते मोजतो. एकाची जरी वायर गेली तरी गाडी सिस्टीम बंद करते आणि दिवा लावते."

"म्हणजे पायाचा काही संबंध नाही? ब्रेकवर पाय जड पडला वगैरे?"

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?" ते हसले. "पायाचा काय संबंध!"

मी बाबांकडे बघितलं नाही. बघायची हिंमतच नव्हती. पण बाबांना पटलेलं नव्हतं. माझ्या तक्त्यावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास बसला होता.

"मग मी चालवतो तेव्हाच कसा लागतो?" त्यांनी विचारलं.

"काका, गाडीला कळत नाही कोण चालवतंय ते. तुम्ही काय करता ते करून दाखवा. बसा."

"मी नाही. ही चालवेल."

"हिच्या हातात दिवा लागत नाही म्हणताय ना? मग हिला बसवून मी काय बघू? बसा, काका."

बाबा बसले. आठ दिवसांनी त्यांचे हात स्टिअरिंगवर आले. इलेक्ट्रिशियन यंत्र घेऊन शेजारी, मी मागे. स्क्रीनवर आता चार चाकांचे चार आकडे होते. गल्लीत गाडी सरळ गेली तेव्हा चारही आकडे हातात हात घालून वर-खाली होत होते. "आता घरी लावता तशी वळवा," ते म्हणाले. बाबांनी स्टिअरिंग डावीकडे पूर्ण पिळलं, आणि एक आकडा टपकन शून्यावर आला. डॅशबोर्डवर पिवळा दिवा.

"परत." परत शून्य. "परत." परत शून्य.

"वायर ताणली जातेय. एवढं पूर्ण वळवल्यावरच," ते म्हणाले. "ताई रस्त्यावर कधी एवढं वळवत नसणार. आणि गाडी बंद करून सरळ चाकांवर परत सुरू केली की दिवा विझतो."

मी कशी वळवणार? मी गेटवरच उतरते. इतकी वर्षं मुलांना शिकवणारी बाई, दोन गोष्टी एकत्र घडल्या की एकीला दुसरीचं कारण समजू नका म्हणून फळ्यावर लिहून देणारी. बाबांनी आरशातून माझ्याकडे एकदा पाहिलं. फक्त पाहिलं, पण मला पुरलं.

गाडी परत गॅरेजपाशी आणल्यावर इलेक्ट्रिशियननी जॅक लावला. आतापर्यंत बाकावर शांत बसलेली आई एकदम बोलली, "चाक कशाला काढताय? उगाच. दिवाच तर आहे. लागूदे की."

"काकी, चाक काढल्याशिवाय वायर कशी दिसणार?"

चाक निघालं. इलेक्ट्रिशियन टॉर्च घेऊन आत वाकले आणि बराच वेळ आतच राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं शिंक येतेय. ते बाहेर आले ते हसतहसत, आणि हातात एक लिंबू, सात मिरच्या. लिंबू ताजं, पिवळंधमक. आत त्याच जागी अजून दोन-तीन लिंबं, सुकून काळी पडलेली, त्यांना चिकटलेल्या मिरच्यांची सालं. सगळं बारीक लोखंडी तारेने घट्ट आवळलेलं, आणि तारेच्या वेढ्यात लिंबांबरोबर सेन्सरची वायरही आवळलेली. तिला हलायला जागाच नव्हती. चाक पूर्ण वळलं की ती ओढली जायची, आणि ओढून ओढून आतून तुटत आली होती.

सांगायला हवं, आमच्या दाराला कधीही लिंबू-मिरची लागलेली नाही. बाबा युनियनचे, सभांना जाणारे, असल्या गोष्टी मानतील तर शपथ. लालबागमध्ये शनिवारी दुकानादुकानावर नवी लिंबं टांगली जातात आणि आमचं दार तेवढं मोकळं असतं.

आम्ही तिघेही आईकडे वळलो. आई आपल्या चपलांकडे बघत होती.

"शनिवारी बांधतंय," ती हळूच म्हणाली. "तुमी दुपारी झोपलात की. चाक वळलेला असता ना, पुढून हात जाता आत. काल तर रस्त्यार जाऊन बांधलंय."

"तुझे गुडघे!" मी ओरडले. "गुडघ्यांवर बसून?"

"पुढे बांधलंय असतंय तर ह्यांनी काढून टाकला असता."

बाबांच्या कपाळाची शीर मला ओळखीची आहे. मी म्हटलं आता भरगल्लीत अंधश्रद्धेवर भाषण. पण आईच आधी बोलली, आणि मान वर करून बोलली.

"तीस वर्षां तुमी बस चालवलात. ती बस काय आपली होती? तिका मी काय बांधतलंय? तुमी घराक येईपर्यंत जीव टांगून बसायचा, तेवढाच माझ्या हातात होता. ही गाडी आपली आसा म्हणान बांधलंय."

गल्लीतून एक टेम्पो गेला. बाबांनी ते ताजं लिंबू इलेक्ट्रिशियनच्या हातातून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. आईने ते वाक्य तीस वर्षं कुठे ठेवलं होतं कोण जाणे. बाबा रोज ओरखड्याची गोष्ट सांगत आले, मी ऐकत आले, आणि त्या गोष्टीची दुसरी बाजू आमच्याच घरात कणीक मळत बसलेली होती. माझे डोळे परत भरले, पण या वेळी मी नळ शोधला नाही.

"तारेने नको बांधू," बाबा शेवटी म्हणाले. "आणि पुढे बंपरला बांध. आत हात घालू नकोस."

"तुमका चालतला?"

"माझा विश्वास नाही," बाबा म्हणाले. "पण वायर तुटता कामा नये."

इलेक्ट्रिशियन इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. मग त्यांनी कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून नवा सेन्सर आणला, त्याच्या बसायच्या जागेवरचा गंज घासून काढला, वायर तिच्या स्वतःच्या क्लिपांमध्ये सैल बसवली आणि यंत्रावरून जुनी तक्रार पुसली. शेवटी बाबांना घेऊन ते बंद मिलच्या भिंतीमागच्या रिकाम्या रस्त्यावर गेले. मी मागे होतेच. "आता जोरात ब्रेक मारा, काका. पाय दाबून ठेवा, सोडू नका."

बाबांनी मारला. गाडी थरथरली आणि सरळ रेषेत थांबली.

"अरे! हा पेडल पायाला गुदगुल्या करतो!"

"तोच एबीएस. चालू झाला."

"बसमध्ये असा ब्रेक मारला असता तर अर्धे पॅसेंजर माझ्या मांडीवर असते," बाबा म्हणाले आणि कोणी सांगितलं नसताना त्यांनी तो परत मारला. मग अजून एकदा. तीस वर्षं दुसऱ्यांना जपून हळूच थांबणारा माणूस सत्तरी उलटल्यावर पहिल्यांदाच धडाधड ब्रेक मारत होता आणि मोठ्याने हसत होता.

भाजी घेऊन आम्ही घरी आलो. बाबांनी बोळात गाडी घातली, स्टिअरिंग पार शेवटपर्यंत. दिवा नाही. बाहेर काढली, परत घातली. दिवा नाही. तळमजल्यावरच्या काकू कुंड्यांच्या काळजीने बाहेर येऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्यांदा बाबांनी गाडी बाहेर काढली, पण इंजिन बंद केलं नाही.

"तू उतर," ते मला म्हणाले.

"का?"

"उतर गं. भाजी वर ने." मग मागे वळून आईला, "तू पुढे ये."

आई उतरली, गुडघ्यांना सांभाळत पुढे येऊन बसली. पट्टा कसा लावायचा तिला माहीत नव्हतं, बाबांनी लावून दिला. बसमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी सीट नसते. आणि आमची गाडी आल्यापासून, तिघं कुठे निघालो की बाबा चालवायचे आणि ती सीट मी अडवून बसायचे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"कुठे चाललात?" मी विचारलं. आई समोर बघत होती, तोंडावर पदर धरून, पण हसू पदराबाहेर आलं होतं.

माझीच गाडी मला सोडून निघून गेली. दोन तासांनी ते परत आले, कुठे गेलो ते सांगितलं नाही, आणि दोघांपैकी कोणालाच भूक नव्हती. पुढच्या रविवारी आम्ही दादरला निघालो तेव्हा मी कोणी सांगायच्या आधीच मागे जाऊन बसले.