मिरचीचा ट्रॅक्टर आणि रस्त्याकडेची म्हातारी

पहिला गेम करताना गेम कमी आणि किस्से जास्त तयार होतात. विष्णुपुरीच्या कॉलेजातली पोरं हल्ली आमच्याकडं टिप्स मागतात. टिप्स कुठून आणू? जे फसलं तेवढं सांगतो.

आम्ही तिघं. गजानन कोड लिहायचा, अर्चना चित्रं काढायची आणि मी बाकीचं सगळं, म्हणजे मुख्यतः चहा. गेम साधा: उमरीहून मिरचीचा ट्रॅक्टर वेळेत धर्माबादच्या बाजारात, मोंढ्यावर न्यायचा. गजाननच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या काकांनी, मुदत घातली होती. पोळ्यापर्यंत गेम दाखवायचा आणि तो त्यांना पटला पाहिजे, नाहीतर पुण्याची नोकरी धरायची.

*

साधा म्हटलं खरं, पण आधी बेत अख्ख्या मराठवाड्याचा होता. चाळीस गावं, तीन ऋतू, वर निवडणूक! दोन महिन्यांनी तयार काय, तर एक लिंबाचं झाड. पान न् पान वेगळं हलायचं. गजाननच्या आईनं, काकूंनी, ते कौतुकानं बघितलं.

"झाड लई भारी हाय रे. ट्रॅक्टर कुठंय?"

त्याच दिवशी अडतीस गावं कापली.

*

आवाज खरा हवा म्हणून काकांच्याच ट्रॅक्टरचा आवाज मोबाइलवर घेतला. गेममध्ये टाकल्यावर कळलं, वेग वाढवला की मागून काकू ओरडतात, "चहा गार होऊन राहिला!" काढून टाकणार होतो, पण खेळणारे तेवढं ऐकायलाच वेग वाढवायला लागले. मग राहू दिलं.

*

मित्रांना खेळायला दिला. सगळे म्हणाले, "एक नंबर!" आम्ही हवेत. अर्चना म्हणाली, विचारू नका, मागं उभं राहून बघा. बघितलं. एकाचा ट्रॅक्टर दहा मिनिटं उलटाच चालला होता. फोन परत देताना तोही "एक नंबर" म्हणाला.

*

पोळ्याला चार दिवस उरले तेव्हा काका खेळायला बसले. अर्चनानं रस्त्याकडेला शोभेसाठी एक म्हातारी काढली होती, डोक्यावर गाठोडं घेतलेली. काका तिच्यापाशी ट्रॅक्टर थांबवायचे, वेळ संपायचा, काका हरायचे. पाचदा तेच. गजानन रडकुंडीला आला. ते नुसतं चित्र आहे, पुढं चला, म्हणून विनवायला लागला.

काका म्हणाले, "म्हातारं माणूस उन्हात उभं हाय. सोडून कसं जावं?"

गजाननानं फोन घेतला आणि कामाला लागला. आता म्हातारी ट्रॅक्टरवर बसायची, आणि ती बसली की वेळ वाढायचा.

पोळ्याच्या सकाळी नवा गेम काकांच्या हातात दिला. बैल सजून दारात उभे, काकू पूजेला बोलावून थकल्या, काका ओट्यावरून उठेनात. शेवटी गजाननला राहवलं नाही. नोकरीचं काय ठरलं, असं त्यानं दबकत विचारलं.

काकांनी मान वर केली नाही.

"थांब रे. आधी म्हातारीला धर्माबादला उतरवू दे."