गाण्याआधीची नावं

रेडिओवर गाणं सुरू झालं की आमची आत्या आवाज बारीक करायची. सगळं जग गाण्यासाठी रेडिओ लावतं. ही बाई लावायची ती गाण्याआधी वाचल्या जाणाऱ्या नावांसाठी. दुपारच्या फर्माईशी कार्यक्रमात निवेदिका गावांची आणि माणसांची नावं वाचू लागली, की आत्याची शिलाई मशीन थांबलीच म्हणून समजा. नावं संपून वाद्यं वाजली की तिनं बटण पिरगळलंच. आम्ही ओरडायचो, "आत्या, गाणं!" ती म्हणे, "गाणं काय पळून जाते का? उद्या पुन्हा लागन." भांड्यांच्या दुकानांची आमची गल्ली, सगळी भांडेओळ तिला फर्माईशआत्या म्हणायची, आणि तिला त्याचा राग नव्हता.

ती बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर वर्षभरातच नवरा गेला आणि ती इतवारीत आमच्या घरी परत आली ती कायमची. लोकांचे ब्लाउज शिवायची, आम्हाला रागवायची, आणि मधूकाकाची वाट पाहायची.

मधूकाका म्हणजे तिचा सगळ्यात धाकटा भाऊ, तिच्याच कडेवर वाढलेला. त्याला गाण्याचं भारी वेड. एका ऑर्केस्ट्रात गायला जातो म्हणून त्यानं आजोबांच्या दुकानाला दांडी मारली, आणि आजोबांनी गिऱ्हाइकांसमोर त्याच्या थोबाडीत दिली. त्या दुपारी तो जेवायला आला नाही, तो आजतागायत आलेला नाही. मी तेव्हा पाळण्यात होते. घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती. आत्याला मात्र एक पक्कं ठाऊक होतं. ती म्हणायची, "एखाद दिवस भाकर मिळत नसन त्याले, पण रेडिओ ऐकल्याबिगर राहत नसन तो. कुठंही असो, आपलं नाव ऐकन, समजन."

म्हणून दर आठवड्याला रेडिओला फर्माईशीचं एक कार्ड. आत्याला वाचता उत्तम येई, पण अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी पाचवीत गेले आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गाणं नेहमीचंच, तो न्हाणीघरात म्हणायचा ते. पहिलं नाव मधुकर, मग आजी, बाबा, आई, दादा, मी, आणि शेवटी चंपी. चंपी म्हणजे मांजर, आणि तीही मरून दोन वर्षं झालेली.

"आत्या, मेलेल्या मांजरीचं नाव?"

"अवं, त्यानंच आणली होती तिले. ओळखन ना तो. मेली ते त्याले थोडीच माहीत आहे?"

कार्ड पेटीत टाकायला ती स्वतः जायची. माझ्या बाबांवरसुद्धा तिचा तेवढा भरवसा नव्हता. वर्षांमागून वर्षं गेली, पण एकही कार्ड कधी वाचलं गेलं नाही.

नववीत माझ्या डोक्यात वारं शिरलं. माझ्या बाकावरच्या शैलाला काहीही करून आपलं नाव रेडिओवर ऐकायचं होतं. मी मनाशी म्हटलं, वाचतात कुठे हे लोक कार्डं! आणि त्या काकाला तरी मी कुठे पाहिलंय! मी मधुकर गाळलं आणि तिथे शैला लिहिलं. आत्यानं कार्ड घेतलं, चष्मा लावला, पायात चपला सरकवल्या आणि निघाली. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभी होते.

आणि नेमकं तेच कार्ड वाचलं गेलं.

शैला, आजी, बाबा, आई, दादा, मी. त्या गोड आवाजात चंपीसुद्धा आली. मेलेली मांजर होती आणि तो नव्हता. आई आनंदानं टाळ्या पिटत होती. आत्याचा हात बटणावर तसाच राहिला. त्या दिवशी तिनं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "वाचाचं राहून गेलं असन त्याचं. घाईत राहतेत ते लोक." आणि मशीनवर जाऊन बसली. पुन्हा तिनं मला कार्ड लिहायला सांगितलं नाही.

ते गाणं मला अजून सोसवत नाही. आता माझी मुलगी मोबाईलवर जुनी गाणी लावते. बोट लावलं की गाणं हजर, ना नाव ना गाव. पण वाजण्याआधी जी क्षणभर शांतता असते ना, तिच्यात मला त्या निवेदिकेचा आवाज ऐकू येतो आणि मी जीव मुठीत धरून त्यात मधुकर शोधते. स्वयंपाकघरात होतं तसं, बुटीबोरीला कामावर जाताना बसमध्येही होतं. मुलगी म्हणते, "आई, काहून अशी बसली भूत पाहिल्यासारखी?" काय सांगू तिला, पाहिलेलं भूत परवडलं गं, ऐकू येणारं पिच्छा सोडत नाही.

मागच्या वर्षी आत्याला धंतोलीतल्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. तिला श्वास पुरत नव्हता. एका सकाळी तिला चमच्यानं चहा पाजता पाजता मी सांगून टाकलं. "आत्या, त्या कार्डावरचं काकाचं नाव मीच गाळलं होतं."

"माहीत आहे मले," ती म्हणाली. "मी काय न वाचता टाकत होती का कार्ड? भैताड पोट्टी!"

मी चमचा कपात ठेवला. "मग टाकलं काहून?"

तिनं आधी दम घेतला. मग म्हणाली, "दर खेपेले पेटीत टाकतानी भेव वाटे वं. नाव वाचलं, त्यानं ऐकलं, अन् तरी नाही आला तं? मंग मी कोणाची वाट पाहू? तुयं कार्ड पाहून मले बरंच वाटलं." आणि चहा थंड केला म्हणून मलाच बोलली.

चार दिवसांनी ती गेली. वर्तमानपत्रात बातमी द्यायची होती. 'त्यांच्या पश्चात' लिहून दादा आमची नावं मांडत होता. मला काय शहाणपण सुचलं कोण जाणे! मी कागद ओढून घेतला आणि सगळ्यांच्या आधी लिहिलं, भाऊ मधुकर.

"अवं, तो जिवंत तरी आहे का? काहून उकरून काढून राहिली?"

"राहू दे. छापू दे."

छापून आलं, फोटोसकट. तेरवीपर्यंत मी दाराकडे तोंड करून बसले होते. भेटायला आलेल्या एकेका म्हाताऱ्याच्या चेहऱ्यात मी आत्याचं नाक शोधलं. तेरवीच्या पंगती उठल्या, भाड्याच्या सतरंज्या गुंडाळून टेम्पोत चढल्या, तरी तो आला नाही. आत्यानं उभा जन्म जे सांभाळलं, ते मी एका ओळीत घालवून बसले.