बदली येईपर्यंत

"मी काही इथं राहणार नाही हं, सर."

आमच्या वडूजच्या वाचनालयात रुजू झाल्या त्या दिवशी बाईंनी मला सांगितलेलं हे पहिलं वाक्य. खांद्यावरची पिशवी त्यांनी अजून खाली ठेवली नव्हती. मी तेव्हा हायस्कुलात मराठी शिकवत असे आणि वाचनालयाचा चिटणीस म्हणून संध्याकाळी तिथं बसत असे. मी खुर्ची पुढे केली. ती त्यांनी बाजूला सारली आणि उभ्या उभ्याच विचारलं, "सांगलीची शेवटची गाडी कितीला असते?"

तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील. त्यांच्याशी बोलताना आपल्यालाच उगीच घाई झाल्यासारखं वाटतं.

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. पुण्यातला एक न्यास पदवीधर मुलामुलींना ग्रंथपाल होण्यासाठी शिष्यवृत्ती देई. वर्षभर पुण्यात राहून शिकायचं, खर्च न्यासाचा. अट एकच. शिकून झाल्यावर न्यास सांगेल त्या तालुक्याच्या गावी वाचनालयात तीन वर्षं काम करायचं. त्याआधी सुटायचं असेल तर आपल्या जागी दुसरा शिकलेला माणूस आला पाहिजे. बाईंचे वडील सांगलीच्या बाजारपेठेत शिंपीकाम करत. आई लहानपणीच गेलेली. घरात कॉलेजची पायरी चढलेलं दुसरं कुणी नव्हतं. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून बाई शिकल्या, आणि अट होती म्हणून आमच्या वाट्याला आल्या.

कृष्णेच्या काठावर वाढलेलं माणूस ते. पहिल्याच आठवड्यात मी आणि माझी बायको त्यांना येरळा दाखवायला घेऊन गेलो. बाईंनी वाळूकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"पाणी कुठंय?"

"पावसाळ्यात येतं," माझी बायको म्हणाली.

"मग बाकीचे दिवस हिला नदी कशाला म्हणता?"

आणि त्या झपझप परत चालायला लागल्या.

वाचनालयात सगळी पुस्तकं बंद कपाटांत असत. किल्ल्या आमच्या अध्यक्षांच्या जानव्याला. ते गावातले जुने वकील, वयाने मोठे, त्यामुळे कुणी काही बोलत नसे. कुणाला पुस्तक हवं असेल तर आधी ते कशासाठी हवं हे त्यांना पटवून द्यावं लागे. बाईंनी दोन दिवस हे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी किल्ल्या मागितल्या.

"बाई, उघडी ठेवली तर पुस्तकं हरवतील," अध्यक्ष म्हणाले.

"हरवू देत की. कुणीतरी नेली एवढं तरी होईल."

अध्यक्षांनी किल्ल्या दिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर एक सुतार बिजागऱ्या खोलत होता. कपाटांची दारं भिंतीला टेकवून ठेवली होती. किल्ल्या पुढेही कितीतरी दिवस अध्यक्षांच्या जानव्यालाच होत्या, कुलपं मात्र दारांबरोबर माळ्यावर गेली.

मग दुष्काळ पडला. गावोगाव खडी फोडायची कामं निघाली. समितीतले लोक म्हणाले, माणसांना प्यायला पाणी नाही, पुस्तकं कोण वाचणार, दिवाळीपर्यंत वाचनालय बंद ठेवू. बाईंना खरं तर सुट्टीच मिळाली असती. पण त्या म्हणाल्या, "इथं रिकामं बसून मला वेड लागेल." त्या पिशवीत पुस्तकं भरून कामावरच्या बायकांकडे जाऊ लागल्या. दुपारच्या भाकरीच्या वेळी एखाद्या झाडाखाली उभ्या राहून त्या वाचून दाखवत. गोष्ट अर्धी सोडून गाडी पकडायला धावत, म्हणून बायका त्यांच्यावर रागवत. "आवं बाई, त्या पोरीचं म्होरं काय झालं ते तरी सांगून जावा," असं म्हणत त्यांच्यामागून येत. मला वाटतं, आमच्या वाचनालयात पहिल्यांदा बाया आल्या त्या ह्या अर्ध्या राहिलेल्या गोष्टींसाठी.

दर शनिवारी बाई सांगलीला जात आणि सोमवारी जास्तच अस्वस्थ होऊन परत येत. एकदा मी विचारलं.

"अब्बांची नजर चाललीय," त्या म्हणाल्या. "मशीन अंदाजाने चालवतात. काजं-बटणं हाताने करावी लागतात, पण त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही. निघताना मी आठवड्याच्या सुया ओवून गादीला टोचून येते. कधी कधी बुधवारीच संपतात."

त्यानंतर बाईंनी बदली माणूस शोधायला सुरुवात केली. तालुक्यात कुणी पदवीधर झाल्याचं कळलं की त्या त्याच्या घरी हजर. न्यासाच्या शिष्यवृत्तीची सगळी माहिती त्यांना तोंडपाठ होती. म्हसवडजवळच्या एका खेड्यात हवालदाराची मुलगी साताऱ्याहून बी. ए. होऊन आली होती. तिच्याकडे बाई मलाही घेऊन गेल्या. हवालदार पलटणीतून नुकतेच निवृत्त झालेले, मिशी अजून ड्युटीवर.

"बसा की बाई. च्या घ्या."

"नको, गाडी आहे माझी."

"लायब्रीचं काय शिकायचं असतंय वं? पुस्तक द्यायचं, पुस्तक घ्यायचं. त्याला वरीसभर पुण्याला कशाला? पोरीचं आता लगीन करायचं हाय."

बाई अंगणात येरझाऱ्या घालत होत्या. थांबल्या. "तुम्ही पलटणीत कुठल्या कामाला होता?"

"शेवटाला श्टोअरला हुतो."

"अंधारात कुणी बूट मागितले, तर सापडायचे?"

"न सापडून सांगता कुणाला? कुठला नंबर कुठं, पाठ हुतं."

"तसंच हे. पुस्तक हजार लोकांनी हाताळलं तरी मागेल त्याला मिनिटात मिळालं पाहिजे. तेच शिकायचं असतं."

हवालदारांनी मिशीवरून हात फिरवला. "आन् शिकून पोरगी कुठं जानार?"

"इथंच. माझ्या जागेवर. मला सोडवायला."

"म्हंजी रिलीफ," हवालदार म्हणाले. ते आता त्यांना नीट समजलं होतं. "मग जाऊ द्या तिला. रिलीफ आल्याबिगर तुमी तरी पोस्ट कशी सोडनार?"

मुलीला शिष्यवृत्ती मिळाली. ती पुण्यात असताना बाई तिच्या परीक्षेची चौकशी अशी करत, की जणू पेपर त्यांनाच द्यायचा होता. त्यांनी खोलीतली भांडी बांधायला काढली. सांगलीच्या एका कॉलेजात त्यांच्या कामाचं बोलणंही झालं.

मुलगी पास झाली आणि थेट वाचनालयात आली. बाई हसत पुढे गेल्या. ती मात्र खालमानेने उभी.

"बाई, साताऱ्याच्या कॉलेजात मला जागा देतायत. न्यासाचे लोक म्हणाले, तुमची हरकत नसेल तर अट सोडतो. तुम्ही म्हणाल तसं करीन मी."

बाई कपाटांमधून एक फेरी मारून आल्या.

"तुला काय करायचंय?"

"मला जायचंय," मुलगी अगदी हळू म्हणाली.

"मग विचारायला कशाला आलीस? जा. साताऱ्याची गाडी लागली असेल."

ती रडत पाया पडली आणि गेली. मला राहवलं नाही. "बाई, हे काय केलंत? अब्बांचं काय?"

"तिला इथं डांबून मी गेले असते, तर उद्यापासून तिनं तुम्हाला गाडीची वेळ विचारली असती. तुमच्या नशिबी अशी एक पुरे."

एवढं बोलून त्या मागच्या कपाटापाशी गेल्या आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. बराच वेळ हलल्या नाहीत. संध्याकाळचे वाचक आले, वर्तमानपत्रं चाळून गेले, तरी त्या तिथंच होत्या.

पुढच्या शनिवारी त्या गेल्या आणि अब्बांना घेऊन आल्या. अब्बा सावकाश चालणारे, सावकाश बोलणारे. वाचनालयाच्या ओट्यावर ऊन खात बसत. बाई पुस्तकं लावता लावता बाहेर येत, सुईत दोरा ओवून त्यांच्या हातात देत आणि परत आत पळत. "बैठ जरा, बेटी," ते म्हणत. "बसते, अब्बा," म्हणत त्या तिसऱ्या कपाटापाशी पोचलेल्या असत. गावातल्या बायका अब्बांकडे पोरांचे सदरे बटणं लावायला आणत आणि ती लागेपर्यंत आत डोकावत.

दुसऱ्या वर्षी आमच्याच गावातला एक मुलगा शिष्यवृत्तीवर शिकून आला. तोवर बाईंची तीन वर्षंही भरली होती, पण तो जागेवर बसेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग मात्र त्याच दिवशी निघाल्या. निरोपाचा समारंभ करू म्हटलं, तर म्हणाल्या, "नारळ घरी पाठवा."

पुढे चार-पाच वर्षांनी पेपर तपासायच्या कामासाठी मी सांगलीला गेलो. त्या ग्रंथपाल होत्या त्या कॉलेजात चौकशी केली. अब्बा मागच्या हिवाळ्यात गेल्याचं शिपायाने सांगितलं. शेवटपर्यंत बाईंजवळच होते म्हणे.

"बाई आता हितंच हुत्या," तो म्हणाला. "कवठ्याला निघाल्यात. तितं कुणाची पोरगी पदवीधर झालीय. तिच्या बापाला भेटायचं म्हनत्यात, तिला कसली शिष्यवृत्ती मिळवून द्यायची हाय. ह्या वर्साची ही तिसरी."

मी खिडकीपाशी गेलो. समोरच्या रस्त्यावर बाई उन्हातून पळत होत्या. केसांत एखादी पांढरी बट दिसत होती. स्टँडमधून निघालेली एसटी वळणावर आली होती आणि तिला थांबवायला त्यांनी हात वर केला होता.

तोंडाशी आलेली हाक मी गिळली. त्यांनी मागे वळून पाहिलं असतं, तर गाडी चुकली असती.