कडीला बांधलेला दोरा

दादा गेल्याचा वहिनीचा फोन आला, तेव्हा मी त्याच्याशी बोलणं टाकून सात महिने झाले होते. उचगावहून राजारामपुरीत त्याच्या घरी पोचेपर्यंत मला रडू आलं नाही, राग आला. भांडण अर्ध्यावर टाकून उठून गेला... असा माणूस.

लोकांनी त्याला ओळखलं ते सिनेमामुळे. त्याच्या ज्या कादंबरीवर तो निघाला, तिला पंधरा वर्षं कुत्रंही विचारत नव्हतं. पहिली प्रत त्यानं मला आणून दिली होती. आमच्यात पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करतात, आणि हे तर सख्ख्या भावाचं पुस्तक. मी ते हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलं. दर दसऱ्याला पूजा केली. उघडलं मात्र कधीच नाही. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

सिनेमा आला तोवर साखरेनं दादाची नजर गेली होती. तो जाऊ शकत नाही म्हणून मीही थिएटरात गेले नाही. पहिल्याच रविवारी सगळ्या पेपरांतली परीक्षणं घेऊन त्याच्या खोलीत बसले आणि मोठ्यानं वाचू लागले. चांगलं परीक्षण तो दोनदा वाचून घ्यायचा. एकानं उत्तरार्ध रेंगाळतो असं लिहिलं होतं, तर म्हणाला, "त्याला काय कळतंय? फुडचं वाच."

पुढच्यात होतं, की नायिका बाहेर जाताना दाराच्या कडीला काळा दोरा बांधते, कुणी घरात शिरलं तर कळावं म्हणून. या एका दोऱ्यात लेखकाच्या कल्पनाशक्तीचा कळस आहे... मी थांबले.

लग्नानंतर मी नेसरीला होते. यजमान कामावर गेले की घरात कुणीतरी शिरतं, भांडी हलवतं, असं मला वाटायचं. विहिरीवर जाताना मी कडीला काळा दोरा बांधायचे. परत आल्यावर तो जसाच्या तसा असायचा, तरी छाती धडधडायची. हे मी फक्त दादाला सांगितलं. त्यानंच मला डॉक्टरकडे नेलं, वर्षभर गोळ्या आणून दिल्या, सासरी काही कळू दिलं नाही. त्याच्याएवढं माझं कुणी केलं नाही, म्हणून तर जास्त लागलं.

"दादा, ह्यो दोरा माझा हाय."

"व्हय की," तो म्हणाला. मग चपापला. "म्हंजे... तू वाचली न्हाईस?"

"न्हाई."

"पंधरा वर्सं झाली गं! तू कायच बोलली न्हाईस. मला वाटलं, वाचलीस आन् चालतंय तुला."

माझं गप्प बसणं त्यानं होकारात धरलं होतं. पेपर तिथंच टाकून मी उठले. घरी येऊन उरलेली परीक्षणं एकटीनं वाचली. कुणाला नटी आवडली नव्हती, कुणाला शेवट, पण दोरा सगळ्यांना आवडला होता. एकानं तर लिहिलं होतं, अशी विकृत बाई मराठीत आजवर झाली नाही. सिनेमातली बाई शेवटी नवऱ्याला चहातून विष घालते. माझे यजमान अजून माझ्या हातचा चहा बिनघोर पितात, पण ते परीक्षण मी त्यांच्यापासून लपवलं. बरी होऊन तीस वर्षं झाली, आणि मी पुन्हा घरात लपवाछपवी करू लागले. हे दादानं मला दिलं.

शोकसभेत एका समीक्षकानं परत त्या दोऱ्याचं कौतुक केलं आणि मला विचारलं, "ताई, हे त्यांना सुचलं तरी कसं?" हॉल भरलेला, समोर दादाचा हार घातलेला फोटो, शेजारी यजमान. मी म्हणाले, "त्याचं डोकंच तसं होतं." टाळ्या पडल्या... त्या टाळ्या मला अजून पचलेल्या नाहीत. त्या सायंकाळी घरी आल्यावर मी यजमानांना सगळं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी हा लेख लिहायला घेतला.

परवा तो घेऊन दादाच्या खोलीत गेले. त्याची खुर्ची वहिनीनं खिडकीशी तशीच ठेवली आहे. पंचाही पाठीवर टाकलेला. तिला शेवटपर्यंत वाचून दाखवला आणि म्हणाले, "वहिनी, छापायला देऊ? तू नको म्हणालीस तर फाडते."

तिनं डोळे पुसले. "दे की," म्हणाली.

विचारायला एवढाच वेळ लागला.