दोघींचा एक अर्ज

जमुना गेल्याचं मला बारा दिवसांनी कळलं. नेरला मोटारीतून उतरून तिचा भाऊ फूलसिंग आमच्या दारी आला, पायरीवरच बसला, तांब्याभर पाणी प्याला आणि म्हणाला, "जमनी गेली, बाई. झरीकडच्या जंगलात पटकीची साथ आलती. लोकं गाव सोडून पळाले, थे नर्स म्हनून थांबली… तिलेच लागली." मग त्यानं पिशवीतून फडक्यात बांधलेला एक कागद काढून माझ्या हातात ठेवला. त्या कागदाचं सांगण्याआधी जमुनाचं सांगायला हवं.

सत्तावन्न साली आम्ही दोघी यवतमाळला नर्सिंगच्या वर्गात एकदमच दाखल झालो. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. मी कपाशी-तुरीच्या घरातली, हट्ट करून आलेली. ती आर्णीकडच्या बंजारा तांड्यावरची, तिथली सातवी पास झालेली पहिली मुलगी. तिला पाठवावं की नाही यावर तांड्याच्या नायकानं म्हणे दोन दिवस बैठक घेतली होती. ती घरी गोरबोली बोलायची, माझ्याशी वऱ्हाडी, आणि मेट्रनबाईंसमोर पुस्तकी मराठी बोलायची वेळ आली की गप्प. त्यामुळे तिचे अर्जबिर्ज मीच लिहायची. माझं अक्षर मोत्यासारखं, आणि त्याचा मला गर्वही होता.

पट्ट्या गुंडाळणं सोडून काही शिकलो नव्हतो, तोच फ्लूची साथ आली. शिकवणाऱ्या सिस्टरच आजारी पडल्या, वर्ग बंद झाला आणि तोंडाला फडकं बांधून आम्हा पोरींना वॉर्डात उभं केलं. खाटा संपल्या, मग व्हरांड्यात सतरंज्या पडल्या. कुणाचा बाप, कुणाचा भाऊ येऊन एकेका मुलीला घेऊन जाऊ लागला. लोक अजून म्हणतात, पोरी भित्र्या निघाल्या. भीती होतीच, खोटं कशाला बोलू? पण मरणाच्या भीतीहून मोठी भीती ही होती की माणूस आशेनं आपल्याकडे बघतोय आणि आपल्याला काहीच येत नाही.

मेट्रनबाईंचा हुकूम निघाला, रोग्याला लागलेली प्रत्येक वस्तू उकळून घ्या. जमुनानं तो तंतोतंत पाळला. सुया, चिमटे, आणि त्यांच्यासोबत वॉर्डातले पाचही थर्मामीटर! काच तडकली, पारा भांड्याच्या तळाशी गोळ्या होऊन फिरू लागला. वर्ग चालू असता तर हे कुणीतरी आधी सांगितलं असतं. बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तांड्यावरच्या मुलींना घेतलं की असंच व्हायचं." दुसऱ्या सकाळी व्हरांड्यातली एक बाळंतीण गेली. रात्रीतून तिचा ताप किती चढला ते कुणाला कळलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, छाती भरली होती, थर्मामीटरनं ती वाचली नसती. जमुनाला ते पटलं नाही.

"कुसुम, अर्ज लिव. मी घरी जातो. मह्या हातानं मानूस मेलं."

मी अर्ज लिहिला. आणि खाली तिच्या नावाशेजारी माझंही नाव घातलं. जायचं मलाही होतं, फक्त आधी तोंड उघडायची हिंमत नव्हती. कारकुनानं कागद परत केला. दोघींचा मिळून एक अर्ज चालत नाही, वेगवेगळे आणा, म्हणाला. खोलीवर परतताना मला काय शहाणपण सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, "तू गेली त तांड्यातून दुसरी पोरगी कोनी पाठवन का? थर्मामीटर नाई त हातानं पाह्य." तिनं ऐकलं. कागद घडी करून चोळीत खोचला. त्या दिवसापासून ती उलटा हात कपाळाला लावून ताप पाहू लागली. पुढे नवे थर्मामीटर आले तेव्हा मेट्रनबाईंनी तिचा अंदाज गुपचूप पडताळून पाहिला. तो बरोबर निघाला, हे मला तिच्या पत्रातून कळलं.

कारण मी तिथे नव्हतेच. आठच दिवसांत माझे वडील आले, "चाल" म्हणाले आणि मी चालले. एकटीच्या नावाचा नवा अर्ज लिहून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण… माझी ट्रंक जमुनानंच मोटारीपर्यंत आणली. टोमणा नाही, रुसवा नाही. "तुह्या खाटा मी पाह्यतो," एवढंच म्हणाली.

फूलसिंगला वाचता येत नाही. पेटीच्या तळाशी इतका जपून ठेवलेला कागद म्हणजे जमुनाचं सर्टिफिकेटच असणार, असं तांड्यावर सगळ्यांना वाटलं. याडीला, त्यांच्या आईला, तो काचेत बसवून भिंतीवर लावायचा होता. "काय लिवलं हाय थे वाचून दाखवा, बाई. याडीले सांगाचं हाय." मी घडी उघडली. माझंच मोत्यासारखं अक्षर. 'आम्हां दोघींस शिक्षण सोडून घरी जाण्याची परवानगी मिळावी…' खाली दोन नावं.

खोटं वाचता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं, पण जमलं नाही.

"मंग थे काहून नाई गेली?" त्यानं विचारलं.

"मी थांबवलं."

"अन तुमी?"

मी कागदाची घडी पुन्हा घालून त्याच्यापुढे धरली. चहा तसाच ठेवून तो उठला. कागद त्यानं नेला नाही.

परवा माझ्या धाकट्या लेकीच्या अंगात ताप होता. आता घरात थर्मामीटर आहे. तरी माझा हात उलटा होऊन तिच्या कपाळावर गेला, जमुनाचा जायचा तसा. बराच वेळ ठेवला… मला काही कळलं नाही. ते शिकायच्या आधीच मी निघून आले होते.